कडेवरचं नाव : दीर्घ सेवा पदकांच्या अभ्यासाची प्रस्तावना

भिलाईच्या एका सेक्टरमधलं क्वार्टर, जेवणाचं टेबल, त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक. घरच्या आजींनी हिंगाची जुनी डबी उघडली आणि एक पदक माझ्यापुढे ठेवलं. घर मराठी, सातारा भागातून नागपूर आणि नागपूरहून कारखान्याच्या नोकरीसाठी इकडे आलेलं. यजमानांचे पणजोबा पलटणीत होते, एवढंच घराला ठाऊक. पलटण कुठली, किती वर्षं, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं आणि आता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. पदक चांदीचं असल्यामुळे दर दिवाळीला ते निरांजन आणि अत्तरदाणीबरोबर रांगोळीने घासलं जायचं. इतक्या दिवाळ्यांनंतर राजाचं नाक सपाट झालं होतं आणि दाढी तेवढी डागासारखी उरली होती.

"हा कोण?" घरातल्या मुलीने विचारलं. तिला तो पणजोबाच वाटला होता.

मी पदक आडवं धरलं, खिडकीच्या उजेडात तिरपं केलं आणि कडेवरून भिंग फिरवलं. नाव जवळजवळ गेलेलंच होतं; शेवटची दोन अक्षरं तेवढी ओळखू येत होती. पुढचा आकडा मात्र शाबूत होता : ११०. एवढ्या एका आकड्यावर पुढचा तासभर गेला. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री हे नाव १९०३ मध्ये आलं आणि १९२२ च्या फेररचनेत गेलं. पुसट झालेला तो राजा पाचवा जॉर्ज, म्हणजे पदक १९१० च्या आधीचं नाही. मागच्या बाजूला दीर्घ सेवा आणि चांगल्या वर्तणुकीची इंग्रजी अक्षरं. हे पदक हिंदी शिपायाला वीस वर्षांच्या नोकरीनंतर मिळत असे. तेव्हा हा माणूस फार तर १९०२ च्या आगेमागे भरती झालेला, बहुधा त्याच्याही आधी, आणि त्याची पलटण पुढे मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात सापडलेली. तो स्वतः तिथे होता की तोवर घरी परतला होता, हे पदक सांगत नाही.

हे पुस्तक अशा पदकांबद्दल आहे आणि ते पहिल्यांदाच या वाटेला येणाऱ्या वाचकासाठी आहे. नाण्यांच्या अभ्यासाला मराठीत चांगली परंपरा आहे; शिवराई आणि होन यांवर तावातावाने वाद घालणारी माणसं गावोगाव भेटतात. पदकांकडे मात्र आपण अजून दागिन्यासारखं नाही तर देवघरातल्या टाकासारखं बघतो. त्यातही दीर्घ सेवा पदकाच्या वाट्याला फारसं कुतूहल येत नाही. शौर्यपदकामागे एक प्रसंग असतो, तो सांगता येतो. मोहिमेच्या पदकामागे एक मुलूख असतो, तो नकाशावर दाखवता येतो. दीर्घ सेवेच्या पदकामागे नुसते दिवस असतात. सकाळची पीटी, पहारा, रजेचा अर्ज, बदली, पुन्हा पहारा. इंग्रज सोल्जर स्वतःच या पदकाची थट्टा करत : अठरा वर्षं गुन्हे केले आणि एकदाही सापडलो नाही, त्याचं हे बक्षीस!

पण माझं मत विचाराल तर राज्यकर्ता आणि शिपाई यांच्यातला करार वाचायचा असेल, तर हेच पदक हातात घ्यावं. कुठला दिवस सेवेत धरला, कुठला धरला नाही, आणि कुणाचे दिवस मोजलेच नाहीत, हे सगळं त्यात आहे.

जुन्या काळी आपल्याकडे चाकरीचं चीज होत नव्हतं असं नाही. इनाम, वतन, पोशाख, सोन्याचं कडं हे सगळं होतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन बसले, त्यांच्यामागून छत्तीसगडात आलेल्या मराठी माणसांनाही हाच व्यवहार ठाऊक होता. पण या सगळ्या गोष्टी खाता येतात, विकता येतात, मुलाला देता येतात. पदकाचं तसं नाही. त्याची किंमत ज्याला मिळालं त्याच्या नावाला चिकटलेली असते. या अर्थाने आपल्याकडे पदकाच्या सर्वांत जवळचं जर काही असेल, तर ते मला रायगडावर दिसतं. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर एक छोटी ओळ कोरलेली आहे : सेवेचे ठायी तत्पर, आणि पुढे गड बांधणाऱ्या हिरोजीचं नाव. आडनाव कुणी इंदुलकर वाचतं, कुणी इटळकर. गड एवढा मोठा, आणि नाव मागितलं कुठे, तर पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली. पदकावरही शिपायाचं नाव दर्शनी बाजूला नसतंच. दर्शनी बाजू राजाची, मागची बाजू शब्दांची आणि वेलपत्तीची, शिपायाला उरते ती कड. दोनतीन मिलिमीटरची.

युरोपात साध्या शिपायाच्या दीर्घ नोकरीला ठरावीक चिन्ह देण्याची पद्धत फ्रान्सच्या पंधराव्या लुईने १७७१ मध्ये पक्की केली. एका लंबगोलात उभ्या टोकांच्या दोन तलवारी, एकमेकींवर फुलीसारख्या. चोवीस वर्षांची नोकरी झाली की कोटाच्या डाव्या बाजूला ते लावायचं. आठ-आठ वर्षांच्या तीन मुदती म्हणून चोवीस. ज्याँ तुरेल नावाच्या शिपायाने ही चोवीस वर्षं तीनदा भरली. जन्म १६९८, मृत्यू १८०७, बढती कधी स्वीकारली नाही. १७८७ मध्ये सोळाव्या लुईसमोर त्याला उभं केलं, तेव्हा मोठा किताब हवा की तिसरं पदक, असं राजाने विचारलं आणि म्हाताऱ्याने पदक मागितलं, राजाने स्वतःच्या हाताने लावावं या अटीवर, असं सांगतात. गोष्टीत मीठमसाला किती, तो सोडून द्या. पदकाची मोहिनी कशी असते ते मात्र त्यातून कळतं.

इंग्लंडच्या चौथ्या विल्यमने १८३० मध्ये सैन्यासाठी दीर्घ सेवा आणि सद्वर्तन पदक सुरू केलं. पायदळाला एकवीस वर्षं, घोडदळाला चोवीस. १८७० मध्ये दोघांनाही अठरा. रेखाटन बेनेदेत्तो पिस्त्रुची या इटालियन कलावंताचं. आपल्याकडच्या सोनारांच्या पेढ्यांवर गिनीचं सोनं फिरायचं, तिच्यावरचा घोड्यावर बसून अजगर मारणारा संत जॉर्ज त्याचाच. या पदकावर त्याने राजाचा चेहरा घातला नाही. भाले, तोफा, झेंडे, ढोल यांची एक रास घातली आणि मधोमध राजघराण्याची ढाल. सुरुवातीच्या ढालीच्या पोटात हॅनोव्हरची आणखी एक लहानशी ढाल आहे. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली. बाईला हॅनोव्हरची गादी मिळत नव्हती, म्हणून ती लहान ढाल निघाली. मुगाच्या दाण्याएवढा तपशील, पण पदक विल्यमच्या काळातलं की व्हिक्टोरियाच्या, हे त्यावरून क्षणात ठरतं. या छंदाची खरी गोडी अशा ठिकाणी आहे, आणि ती एकदा लागली की डोळ्यांचा नंबर वाढतो हेही आधीच सांगून ठेवतो.

हिंदी शिपायाकडे वळलं की हिशेब बदलतो. ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया काढली ती दीर्घ आणि निष्ठावंत सेवेसाठीच, पण ती मिळायची सुभेदार-जमादार वगैरे हिंदी अधिकाऱ्यांना. वरच्या वर्गाला सरदार बहादूर, खालच्याला बहादूर. जुन्या कागदांत, घरांच्या पाट्यांवर हे किताब अजून दिसतात. ही खूण गळ्यात घालायची. फीत आधी आकाशी रंगाची होती, ती वर्षभरातच बदलून गडद किरमिजी केली. कारण सांगतात ते असं, की डोक्याच्या तेलाने आकाशी फीत मळायची. लंडनला बसून रंग ठरवणाऱ्याला चंपी ठाऊक नसावी.

साध्या शिपायाला, नाईकाला, हवालदाराला मात्र १८८८ पर्यंत थांबावं लागलं. त्या साली हिंदी सैन्यासाठी दोन पदकं निघाली : एक गुणवंत सेवेसाठी, दुसरं दीर्घ सेवा आणि सद्वर्तनासाठी. दुसऱ्याची मागची बाजू जरा निवांत पाहा. बाहेरून कमळांचं वर्तुळ, आतून ताडाच्या फांद्यांचं, खाली दोन्ही बांधलेली, बांधणीखाली एक तारा. दोन वर्तुळांच्या मधल्या पट्टीत इंग्रजी शब्द, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत 'इंडिया'. ताड हा युरोपातला विजयाचा जुना संकेत, कमळ आपलं. नक्षी म्हणून मला ही बाजू पिस्त्रुचीच्या शस्त्रांच्या राशीपेक्षा सरस वाटते. जागा कशी मोकळी सोडावी ते तिच्या कारागिराला कळलं होतं. पण पुढची बाजू बोलकी आहे. गोऱ्या सोल्जरच्या पदकावर त्या वेळीही शस्त्रांची रासच होती. राजाचा चेहरा तिथे १९०१ नंतर आला. हिंदी शिपायाच्या पदकावर पहिल्या दिवसापासून राणीचा चेहरा आणि भोवती कैसर-इ-हिंद. पुढे जॉर्जच्या काळात नाव लॅटिन थाटाचं, किताब फारसी वळणाचा आणि लिपी रोमन. ज्या घरी हे पदक जाणार, तिथल्या माणसांना वाचता येईल असं मोडी किंवा बाळबोध लिपीतलं एक अक्षरही त्यावर नाही.

आता फीत. पुष्कळजण जुनं पदक घेताना फितीकडे बघतही नाहीत, आणि विकणारे हाताला लागेल ती लावून देतात. ब्रिटिश सैन्याच्या दीर्घ सेवा पदकाची फीत साधी किरमिजी होती, मध्ये रेघ नाही, काठ नाही. भूदलाच्या व्हिक्टोरिया क्रॉसची फीतही किरमिजी. पहिल्या महायुद्धात रोजच्या गणवेशावर पदकं न लावता नुसत्या फितीचे तुकडे लावले जात, आणि मग इमानेइतबारे अठरा वर्षं भरलेला सोल्जर लांबून व्हिक्टोरिया क्रॉसवाला वाटू लागला. १९१६ च्या सुमारास दीर्घ सेवेच्या फितीला पांढरे काठ आले. म्हणजे नुसत्या दिवसांना शौर्याच्या शेजारी बसताना धोतरासारखा काठ लावावा लागला!

पदकाच्या नावातला दुसरा शब्द, सद्वर्तन, हा पहिल्यापेक्षा जड आहे. भिलाईतले निवृत्त फौजी आजही बोलताना 'लाल एंट्री' म्हणतात : शिक्षेची नोंद लाल शाईने होते, आणि ती एकदा झाली की डिस्चार्ज बुकातला वर्तणुकीचा शेरा घसरतो. वर्षं भरली तरी शेरा चांगला नसेल तर पदक नाही. साहेबांचं काय? त्यांना हे पदक नव्हतंच, कारण सभ्य गृहस्थाची वर्तणूक चांगली असणार हे गृहीत. तिचा दाखला कशाला? ब्रिटिश सैन्याने सगळ्या अधिकाऱ्यांना या पदकासाठी पात्र धरलं ते २०१६ मध्ये. जवळजवळ दोन शतकं चांगलं वागण्याची परीक्षा फक्त खालच्यांची होत होती.

आणि चांगलं वागणं म्हणजे काय, हे शेवटी कोण ठरवतं? इथून तासाभराच्या वाटेवर रायपूर आहे. तिथल्या तिसऱ्या पलटणीतला हनुमान सिंह हा दारूगोळ्याच्या कोठारावर काम करणारा 'लस्कर'. १८ जानेवारी १८५८ च्या रात्री त्याने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं. तो निसटला, पण त्याच्या साथीदारांपैकी सतरा जणांना २२ जानेवारीला रायपुरातच फाशी दिलं गेलं. त्या सतरांमध्ये जुने, मुरलेले शिपाई असणारच. त्यांची वर्षं कुठल्याच कडेवर कोरली गेली नाहीत. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या 'तलवार' या नौदल ठाण्यावरून उठाव पेटला, त्यातल्या खलाशांच्या नोकऱ्याही गेल्या. आझाद हिंद सेनेतल्या माणसांना स्वतंत्र भारताच्या सैन्यानेही परत घेतलं नाही. पदकांचा अभ्यास करणाऱ्याने न मिळालेल्या पदकांचीही एक वही ठेवावी, असं मला वाटतं. माझी आहे, आणि ती पहिल्या वहीपेक्षा जाड होत चालली आहे.

भिलाईत बसून हे लिहिताना सोविएत संघाला वगळता येत नाही. कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ चा. पहिल्या धमनभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला झालं. मधल्या वर्षांत सोविएत तज्ज्ञ इथे येऊन राहिले. त्यांच्या पिढीने महायुद्ध पाहिलेलं होतं. त्यांच्या देशाने जून १९४४ मध्ये दीर्घ सेवेसाठी वेगळं पदक न काढता आहेत तेच शौर्याचे किताब वर्षांच्या हिशेबाने वाटायला सुरुवात केली. दहा वर्षांना लढाईतल्या कामगिरीचं पदक, पंधराला लाल तारा, वीसला लाल निशाण, पंचवीसला थेट लेनिन. परिणाम व्हायचा तोच झाला. रणांगणावर मिळालेलं लाल निशाण आणि कचेरीत खुर्ची झिजवून मिळालेलं लाल निशाण, दिसायला एकच. शेवटी सप्टेंबर १९५७ मध्ये 'निर्दोष सेवे'चं वेगळं पदक निघालं, वीस, पंधरा आणि दहा वर्षांच्या तीन श्रेणींत. इंग्रजांनी फितीला काठ लावून जो घोळ निस्तरला, तो इथे अख्खं पदक वेगळं काढून निस्तरावा लागला.

स्वतंत्र भारताची शौर्यपदकं घडवणाऱ्या सावित्रीबाई खानोलकरांबद्दल मराठी वाचकाला सांगावं लागू नये, तरी सांगतो. जन्म १९१३, स्वित्झर्लंडमधल्या नशातेलचा. लग्न विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी. परमवीर चक्राच्या मध्यभागी राजमुद्रा आणि तिच्याभोवती इंद्राची चार वज्रं. दधीचीच्या अस्थींची गोष्ट त्यात आहे. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजी नावांच्या मध्ये दोन कमळं. १८८८ च्या पदकावरची कमळं कुणीतरी बाहेरून पाहून कोरलेली. ही कमळंही जन्माने बाहेरच्याच बाईंची, पण त्यांनी इथले ग्रंथ वाचून, इथली भाषा बोलून काढलेली. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

दीर्घ सेवेच्या बाबतीत मात्र नव्या राज्याने हळूच एक मोठा बदल केला. सद्वर्तनाचं जुनं पदक राहिलं, पण १९७१ मध्ये नऊ आणि वीस वर्षांच्या सेवेची, आणि १९८० मध्ये तीस वर्षांच्या सेवेची पदकं आली. ती जवानालाही आणि जनरललाही. नावात 'चांगली वर्तणूक' नाही, आहे तो आकडा. धातू चांदी नव्हे, कप्रोनिकेल, आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्याच्या जातीचा. संग्राहक त्याकडे नाक मुरडतात. मला त्यात एक सरळपणा दिसतो. चांदीची जुनी पदकं दुष्काळात सोनाराकडे जाऊन जोडवी-पैंजण होऊन परतत. कप्रोनिकेल वितळवून कुणाला काय मिळणार? ही पदकं म्हणूनच टिकतील.

या आकड्यांकडे आज बघताना १४ जून २०२२ ची अग्निपथ योजना समोर येते. चार वर्षांची मुदत, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे. बाकीच्यांसाठी नऊ वर्षांच्या पदकाची पायरी लागतच नाही. योजना बरी की वाईट हा या पुस्तकाचा विषय नव्हे. पण पन्नास वर्षांनी भिलाईच्या एखाद्या घरात असाच डबा उघडेल, तेव्हा त्यातून नऊचं पदक निघालं नाही, तर का नाही, हे अभ्यासकाला ठाऊक असलं पाहिजे.

पुढची प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचा. फितींचं प्रकरण रंगांमुळे लांबलं आहे, ते उन्हाळ्याच्या सुटीसाठी ठेवलंत तरी चालेल. कडेवरच्या अक्षरांचं प्रकरण मात्र आधी वाचा. ठोकलेली अक्षरं आणि हाताने कोरलेली अक्षरं यांतला फरक बोटाला कळायला लागला की निम्मं काम झालं. वाचायला बसण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या, कपाटात, ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात काही आहे का. डिस्चार्ज बुक सापडलं तर ते पदकापेक्षा जपा. आणि रांगोळी, चिंच, दंतमंजन यांतलं काही लावू नका. मी स्वतः पहिलं पदक लिंबाने लख्ख केलं होतं. त्याची कड आता आरशासारखी आहे, आणि तिच्यात माझाच चेहरा दिसतो.

त्या क्वार्टरमधलं पदक आता हिंगाच्या डबीत नाही. मुलीने ते सुती कापडात गुंडाळून पाकिटात ठेवलं आहे, आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं आहे : ११० वी पलटण, नावाची शेवटची दोन रोमन अक्षरं, म्हणजे 'जी'. बाबाजी, रामजी, तुकोजी, संभाजी, काहीही असू शकतं. तिने साताऱ्याकडच्या चुलत आजोबांना फोन करून घराण्याची नावं उतरवून घेतली आहेत. अकरा नावं मिळाली, त्यातली पाच 'जी'वर संपतात.